पडदेवालीची सुटका

मंगळवार, ४ मार्च

मोफत वकिलीतली आणखी एक केस गळ्यात पडली. आधीचा वकील तब्येतीचं निमित्त करून मोकळा झाला आणि फाइल माझ्या टेबलावर येऊन बसली.

बाई पडदे शिवते. घरांचे, ऑफिसांचे, मोठमोठ्या हॉलचे. पडदा सरळ लोंबावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाचे लहान तुकडे शिवतात, हे मला या वयात आज कळलं. हिच्या दुमडीत शिशाच्या जागी नशेच्या पुड्या निघाल्या. गुन्हा तिने पहिल्याच तारखेला कबूल केला, आठ महिने आत आहे, आता शिक्षा किती एवढाच प्रश्न उरला आहे. अशा केसमध्ये पाच वर्षांच्या खाली सहसा कोणी येत नाही.

कोर्ट नेमकं आमच्या न्यायाधीशबाईंचं. त्यांची खोड सगळ्या वकिलांना पाठ आहे. शिक्षेच्या सुनावणीला त्या लेखी निवेदन बाजूला सारतात, चष्मा काढतात आणि विचारतात, "कागदात नाही असं काय आहे?" गरिबी, आजारपण, लहान मुलं हे सगळ्यांच्याच कागदात असतं, त्याने त्यांच्या भुवईचा केसही हलत नाही. त्यांना एक खरी, घरातली, डोळ्यांसमोर उभी राहणारी गोष्ट लागते. ती मिळाली की बाई विरघळतात, हमीवर सोडूनसुद्धा देतात. नाही मिळाली की पाच. त्यामुळे या कोर्टात आम्ही वकील कायदा कमी आणि लोकांची घरं जास्त धुंडाळतो.

गेल्या वर्षभरात मला एकही अशी गोष्ट सापडलेली नाही. सरकारी वकील मला भेटला की उगाच माझी चौकशी करतो. त्याचा तो सहानुभूतीचा चेहरा बघून माझं डोकं फिरतं.

शुक्रवार, ७ मार्च

तुरुंगात जाऊन आलो. भेटीची खोली म्हणजे जमिनीला ठोकलेलं टेबल आणि एकच पाय नीट असलेली खुर्ची. ती खुर्ची दर वेळी मलाच मिळते.

पडदेवाली चाळिशीची असेल. केस चापूनचोपून बांधलेले, बोटांना सुईच्या खुणा, डाव्या मनगटाभोवती एक काळपट वळ. घड्याळाच्या पट्ट्याचा असावा.

"घरी कोण असतं?"

"नवरा."

"काय करतात?"

"पडून असतात. तीन वर्षं झाली. कामावर परांचीवरून पडले, कमरेखालचं गेलं."

मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. "अहो ताई, मग हे कुठेच का नाही? आधीच्या वकिलांना सांगितलं नाही?"

"त्यांना यात आणू नका, साहेब."

"म्हणजे?"

"त्यांचं काही सांगू नका कोर्टात. मला द्या काय ती शिक्षा."

मानी बाई. नवऱ्याच्या पांगळेपणावर दया मागायला लाज वाटते. अशी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना त्यांच्याच मानीपणापासून वाचवावं लागतं. मी समजावत होतो, तर मध्येच ती म्हणाली, "साहेब, ते पडद्याचं काम माझ्या मनाने नव्हतं—"

मी तिथेच थांबवलं. "हे बघा, गुन्हा तुम्ही कबूल केलाय. आता 'मी नाही, दुसऱ्याने' या वाटेला गेलात तर न्यायाधीश चिडतील. आता सबबी नाही द्यायच्या, परिस्थिती सांगायची. फरक कळतोय ना?"

"कळला," म्हणाली, आणि पुढे तोंडाला कुलूप. मी प्रश्न विचारतोय आणि ही टेबलाच्या कडेवरून नख फिरवतेय. शेवटी मीच थकलो.

निघताना मेट्रन भेटली. म्हणाली, "ही आली तेव्हा नुसती काडी होती. आणि झोपते किती! सुट्टीच्या दिवशी हलवून उठवावं लागतं. शिवणाच्या खोलीत गुणगुणत असते बघा."

टिपून घेतलं: तुरुंगवासामुळे खचली आहे, सतत झोपून राहते. गुणगुणण्याचं टिपलं नाही. ते आपल्या उपयोगाचं नाही.

सोमवार, १० मार्च

सापडली! वर्षभराने का होईना, सापडली.

तिच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून पलंग, त्यावर नवरा. मला वाटलं होतं कण्हणारा, चिडका माणूस असेल. छे! इतका प्रसन्न माणूस मी कितीतरी दिवसांत पाहिला नाही. "या वकीलसाहेब, उठून स्वागत केलं असतं, पण पायांचं आमच्याशी जमत नाही," असं म्हणून स्वतःच हसला. खिडकीच्या गजाला त्याने एक आरसा तिरका बांधून घेतला आहे. त्यातून अख्खी गल्ली दिसते, कोण आलं, कोण गेलं. बिचाऱ्याचा तेवढाच विरंगुळा. उशाशी दोन फोन, आणि ते सारखे वाजत होते. मी तासभर बसलो तेवढ्यात तिघे विचारपूस करायला येऊन गेले. आजच्या जगात पांगळ्या माणसाला इतकी माणसं विचारतात, हीच केवढी गोष्ट.

बायकोबद्दल बोलताना आवाज जड झाला. "साधी आहे हो ती. कोणीही फसवेल." पडद्याच्या कामातलंही सगळं जाणतो. शिशाऐवजी काय आणि किती घातलं तर कापड तसंच लोंबतं, हे त्याने मला हाताने दाखवलं. तीन वर्षं आडवा पडलेला माणूस बायकोच्या धंद्यातलं इतकं बारीक जाणतो. किती लक्ष असेल त्याचं तिच्याकडे!

सध्या त्याची बहीण त्याचं करते. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "लवकर आणा हो वहिनीला. मला सोडवा एकदाचं." थकली आहे बिचारी, भलतंच बोलून गेली.

आणि आता ती गोष्ट. मी विचारलं, रात्री काही लागलं तर काय करता? तो हसला. "दिवसभर शिवून ही मेल्यासारखी झोपायची, हाकेला उठायची नाही. मग एक दोरी केली. एक टोक तिच्या मनगटाला, दुसरं माझ्या हातात. ओढली की उठते. गाठ मीच मारतो. तिची सैल पडते, माझी सुटत नाही."

अटकेआधी दोन वर्षांहून जास्त, रोज रात्री, मनगटाला दोरी बांधून ही बाई झोपली आहे, नवऱ्याला तहान लागली तर कळावं म्हणून! माझ्या अंगावर काटा आला. कागदात नाही असं काय आहे, म्हणे. हे आहे.

मंगळवार, ११ मार्च

काल घरी आल्या आल्या बायकोला दोरीचं सांगितलं. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हिला भरून वगैरे कधी येत नाही. उत्तरपत्रिका तपासता तपासता ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाठ तो मारतो?"

"हो."

"आणि टोक त्याच्या हातात."

"अर्थात! नाहीतर उठवणार कसा?"

"तिला उठून जायचं असेल तर?"

"कुठे?"

हिने लाल पेन उचललं आणि पुढचा पेपर घेतला. या घरात कशाचं कौतुक म्हणून नाही.

बुधवार, १९ मार्च

आज पुन्हा तुरुंगात. इतका संताप आला आहे की अक्षर बघवत नाही.

मी उत्साहाने सगळं सांगितलं. घरी जाऊन आलो, तुमचे मिस्टर भेटले, काय माणूस आहे, दोरीचं कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"त्यांनी सांगितलं? स्वतःहून?"

"स्वतःहून. कौतुकाने."

"हसत सांगितलं असेल."

"हसतमुखच आहेत ते."

तिने मनगट पदराखाली घेतलं. मग मला म्हणाली, "साहेब, इथेच राहता नाही का येणार?"

मी म्हटलं, इथे? तुरुंगात? तर म्हणे, हो. शिवणाची खोली आहे, उजेड बरा येतो, पाच वर्षं जातील. आता याला काय म्हणावं? लोक तुरुंगातून सुटायला माझ्या पाया पडतात आणि इथे ही मला आत राहायची सोय विचारते आहे. मी नाकी नऊ येईपर्यंत धावायचं, तिच्या पांगळ्या नवऱ्याला कोर्टात आणायची गाडी ठरवायची, आणि अशील म्हणते उजेड बरा आहे!

मी जरा वरच्या आवाजात बोललो. "ताई, तुमचा नवरा तिथे पांगळा पडलाय. तुम्हाला त्याची काहीच पडलेली नाही का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत एखाद्या मुलाला तेच गणित चौथ्यांदा आलं नाही की आमची ही जशी पाहते तसं काहीतरी.

"त्यांना आणू नका कोर्टात," एवढंच म्हणाली. "माझं ऐका एवढं."

नैराश्य, दुसरं काय. इतके महिने आत राहून माणसाला आपलं भलं कळेनासं होतं. डॉक्टर रोग्याला विचारून सुई टोचत नाही. मीही विचारणार नाही.

गुरुवार, २७ मार्च

उद्या सुनावणी. चाकाची खुर्ची एका दवाखान्यातून मिळवली. कोर्टाच्या पायऱ्या चढवायला चौघे जण लागतील, तर नवरा फोनवर म्हणाला, "ती काळजी सोडा, माणसं माझी येतील." केवढा गोतावळा आहे या माणसाचा.

हिला म्हटलं, उद्या कोर्टात ये बघायला, बऱ्याच दिवसांनी नवरा जिंकणार आहे. म्हणाली, शाळेत परीक्षा आहे.

शुक्रवार, २८ मार्च

जिंकलो.

सविस्तर लिहून ठेवतो. सरकारी वकिलाने नेहमीची टेप लावली: समाज, तरुण पिढी, जरब. न्यायाधीशबाईंनी माझं निवेदन बाजूला सारलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कागदात नाही असं काय आहे?"

मी उभा राहिलो आणि दोरी सांगितली. एकही शब्द वाढवला नाही, गरजच नव्हती. पहिल्या बाकाशेजारी चाकाच्या खुर्चीत नवरा, मांडीवर चादर, डोळे भरलेले. न्यायाधीशबाईंनी चष्मा परत घालायला वेळ घेतला.

मग त्यांनी तिलाच विचारलं. हे त्या सहसा करत नाहीत. "तुम्हाला हमीवर सोडलं, तर घरी जाऊन नवऱ्याची काळजी घ्याल?"

मी तिला बजावून ठेवलं होतं, बोलू नका, रडू आलं तर रडा. ती रडली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, हसला. मागे त्याची ती चार माणसं उभी होती.

"घेईन," ती म्हणाली.

तीन वर्षांची हमी. याच घरी राहायचं, पत्ता बदलायचा नाही, दर बुधवारी देखरेख अधिकाऱ्याकडे हजेरी. अट मोडली तर थेट पाच वर्षं. आणि जामीनदार कोण? नवरा! न्यायाधीशबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत इतका योग्य जामीनदार आपण पाहिला नाही. सरकारी वकिलाने माझ्याशी हात मिळवला, आणि या वेळी तो चेहरा सहानुभूतीचा नव्हता.

बाहेर नवऱ्याने माझे दोन्ही हात धरले. "वकीलसाहेब, माझं घर परत केलंत." माझेही डोळे ओलावले, लपवत नाही. त्याची बहीण तर वहिनीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. इतकी की मलाच कळेना, हिला आनंद कसला झाला आहे.

आणि पडदेवाली? आभाराचा एक शब्द नाही. मी जवळ गेलो तर म्हणाली, "साहेब, मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

तेवढ्यात ती माणसं खुर्ची उतरवायला लागली आणि ती खुर्चीमागून पायऱ्या उतरून गेली.

शनिवार, २९ मार्च

कृतघ्नपणाचा धक्का बसायचं माझं वय राहिलेलं नाही, तरी बसला. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "तिने विचारलंय ना, मग उत्तर द्या." हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

बुधवार, ९ एप्रिल

दुपारी मेट्रनचा फोन. "तुमची ती पडदेवाली फाटकापाशी येऊन बसलीय. आत घ्या म्हणते. शिपाई हाकलतायत तर हलत नाही. येऊन घेऊन जा, नाहीतर मला वर कळवावं लागेल."

हातातलं काम टाकून धावलो. आज तिचा हजेरीचा दिवस. हजेरी सोडून ही तुरुंगाच्या फाटकाशी बसली, म्हणजे अट मोडलीच की! वर कळलं असतं तर सगळं मुसळ केरात.

फाटकाच्या भिंतीला टेकून बसली होती. सामान काही नाही. पुन्हा काडी झाली आहे. एवढ्या थोड्या दिवसांत माणूस इतका उतरतो? डाव्या हाताला रुमाल गुंडाळलेला.

मी शेजारी बसलो. पॅंटची वाट लागली. "काय झालं ताई? भांडण झालं?"

"भांडण कशाला होईल?"

"मग?"

"साहेब, तुम्ही त्यांना सगळं विचारलंत. झोपतात कसे, उठतात कसे, तहान लागली तर काय करतात. मला एकदाही विचारलं नाहीत, ते पडदे कोणाचे."

"कोणाचे म्हणजे?"

"कोण सांगायचं शिवायला. कोण फोन करायचं. पोचवून आले की कोण आरशात बघत बसायचं, एक मिनिट उशीर झाला की."

हे खरं असेल का? असेलही. पण आता? मी म्हटलं, "आता निकाल लागला, ताई. आता हे काढून काय उपयोग? हे आधी सांगायला हवं होतंत."

"सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात सबबी नको."

म्हणालो होतो का मी असं? म्हणालो असेन. कोणताही वकील म्हणेल. कबुलीनंतर तीच रीत आहे.

मी माझं काम केलं. तिला गाडीत बसवलं, आधी हजेरीला नेलं. अधिकाऱ्याला सांगितलं, माझ्यामुळे उशीर झाला. खोटं बोललो, तेही तिच्यासाठी. गाडीत ती मागच्या सीटवर बसली होती. एकदाच बोलली.

"अट मोडली की पाच वर्षं नक्की?"

"नक्की. म्हणूनच सांगतो, पुन्हा असं करू नका."

"पाच," ती स्वतःशी म्हणाली.

घराशी पोचलो. खिडकीतला आरसा आमच्याकडे वळलेला दिसला. ती उतरली, पण दाराशी थांबली. मीच मागून म्हटलं, "चला." तिला वाईट वाटू नये म्हणून अगदी हळू म्हटलं. आत तो नेहमीसारखा प्रसन्न. "आली का? काळजीत होतो हो आम्ही. वकीलसाहेब, चहा?" मी नको म्हटलं. बहीण दिसली नाही, परत गेली म्हणे. "जाताना तेवढं दार ओढून घ्या," तो म्हणाला. "मला उठता येत नाही आणि ही आता कामात असेल."

मी दार ओढून घेतलं. आदेशात पत्ता हाच आहे. दुसरीकडे तिला नेण्याचा मला अधिकार नाही. मी काय करायला हवं होतं, हे कोणीतरी मला सांगावं.

तोच दिवस, संध्याकाळ

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. रुमालाचंही, आरशाचंही, दार ओढून घेतल्याचंही. सांगता सांगता मलाच ते नीट ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून दोनदा सांगितलं.

हिने वह्या बंद केल्या. "तुम्ही तिला तिथे सोडून आलात."

"आदेश आहे."

"ती तुरुंगाच्या दारात जाऊन बसली, आत घ्या म्हणून. आणि तुम्ही तिला गाडीत घालून परत त्याच्याकडे दिलीत."

"अगं, मोडली असती अट! पाच वर्षं गेली असती आत!"

"तिला तेच हवं होतं ना?"

मी ओरडलो. लिहायला लाज वाटते, पण ओरडलो. म्हटलं, तुझ्या गणितासारखं नसतं कोर्ट. आदेश बदलायला अर्ज लागतो, अर्जाला कारण लागतं, कारणाला पुरावा. आणि पुरावा म्हणून मी काय सांगू न्यायाधीशबाईंना? की गेल्या महिन्यात तुमच्यासमोर ज्या माणसाला बसवून रडवलं तोच तो? की जी दोरी मी तुम्हाला देवाघरची म्हणून दाखवली ती खरं म्हणजे— माझी वकिली संपेल. त्या कोर्टात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही.

हिने ऐकून घेतलं. मग उठली, पर्स घेतली, चपला घातल्या.

"पत्ता सांगा."

"कशाला?"

"तुम्ही नाही विचारलंत. मी जाऊन विचारते."

मी म्हटलं, अशिलाचा पत्ता मी कोणालाही देऊ शकत नाही, बायकोलाही नाही, हा वकिलीचा साधा नियम आहे. म्हणाली, बरं. आणि दारातच उभी राहिली. गेला अर्धा तास ती तिथे उभी आहे आणि मी इथे टेबलाशी बसून हे लिहितो आहे. वर बघितलं की दिसते. मुद्दाम वर बघत नाही.

हिच्या हट्टापुढे या घरात कधी कोणाचं चाललं आहे? मी पत्ता सांगणार नाही. नियम म्हणजे नियम. पण ती गल्ली अंधारी आहे, हिला घर सापडणार नाही, आणि त्या चौघा माणसांच्या पुढ्यात हिला एकटीला उभी करायची असेल तर मी माणूस कसला? तेव्हा गाडी मलाच काढावी लागणार. अर्ज काय लिहायचा ते वाटेत बघू.

मी चाललो आहे. रागात चाललो आहे, हे मात्र इथे लिहून ठेवतो.